लॉ, डेनिस

(२४ फेब्रुवारी १९४०–१७ जानेवारी २०२५). विख्यात स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटू. आघाडीच्या फळीत आतल्या बाजूने खेळणारा आणि पुढे प्रामुख्याने गोल करणारा खेळाडू म्हणून त्याची ख्याती झाली. हडर्झफील्ड टाउन, मँचेस्टर सिटी, इटलीतील तोरीनो, मँचेस्टर युनायटेड आणि अखेरीस पुन्हा मँचेस्टर सिटी या संघांकडून तो १९५६ ते १९७४ या काळात खेळला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाकडून ५५ सामन्यांत त्याने ३० गोल केले. यूरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूस देण्यात येणारा ‘बॅलन दॉर’ हा पुरस्कार त्यास १९६४ मध्ये मिळाला. हा मान लाभलेला तो एकमेव स्कॉटिश खेळाडू होय. ब्रिटिश फुटबॉलमधील व्यावसायिक खेळाडू जेव्हा क्लबच्या मालकीची वस्तू या अवस्थेतून हळूहळू बाहेर पडत होता, नेमक्या त्याच काळात लॉ खेळला. तीनदा विक्रमी रकमेस त्याची खरेदी-विक्री झाली. त्यामुळे त्याच्या कारकीर्दीचा इतिहास केवळ गोलांच्या हिशेबाने पुरा होत नाही.

स्कॉटलंड हा लहान देश. परंतु फुटबॉलच्या इतिहासात त्याचे स्थान त्याच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे आहे. पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला आणि तो गोलशून्य बरोबरीत सुटला. एकट्याने चेंडू पुढे रेटत नेण्याऐवजी तो सहकाऱ्यांकडे सोपवीत पुढे जाण्याची पद्धत स्कॉटिश खेळाडूंनी रूढ केली. इंग्लंडमध्ये १८८५ साली व्यावसायिक खेळास मान्यता मिळाली. स्कॉटलंडमध्ये ती मिळण्यास १८९३ साल उजाडले. मधल्या काळात इंग्लंडमधील गिरण्यांच्या व कोळशाच्या गावांतील क्लबांनी स्कॉटिश खेळाडू मोठ्या संख्येने नेले आणि तो ओघ पुढे शंभर वर्षे चालू राहिला. ग्लासगोच्या गोद्या, लॅनार्कशरच्या खाणी आणि पूर्व किनाऱ्यावरील मासेमारीची बंदरे येथील मुलांना चरितार्थाचा एक मार्ग त्यामुळे खुला झाला. तथापि हा मार्ग धरणाऱ्यास दोन नियमांचा जाच सोसावा लागे. पहिला नियम कमाल वेतनाचा. खेळाडू कितीही गुणी असला, तरी ठराविक मर्यादेपलीकडे त्यास वेतन देता येत नसे. १९५०–६० या दशकाच्या अखेरीस ही मर्यादा आठवड्याला २० पौंड होती. दुसरा नियम खेळाडू राखून ठेवण्याच्या हक्काचा. कराराची मुदत संपल्यावरही क्लबच्या संमतीवाचून खेळाडूस दुसरीकडे जाता येत नसे. त्याची विक्री झाली, तर रक्कम क्लबच्या तिजोरीत जाई. खेळाडूच्या वाट्यास नियमाने ठरलेली किरकोळ रक्कम तेवढी येई.

डेनिस लॉचा जन्म ॲबर्डीन या बंदराच्या शहरात, वुडसाइड भागातील एका गरीब कुटुंबात झाला. सात भावंडांत तो धाकटा. त्याचे वडील उत्तर समुद्रात मासेमारी करणाऱ्या बोटीवर काम करीत; आठवड्यातील बहुतेक दिवस ते समुद्रावरच असत. घरात पैशाची नेहमीच ओढ असे. लहानपणी तो पुष्कळदा अनवाणीच हिंडे आणि फुटबॉलचे पहिले बूट त्यास दुसऱ्याने वापरलेलेच मिळाले. त्यातच त्याचा एक डोळा तिरळा होता. चश्मा लावून फुटबॉल खेळता येत नसल्यामुळे तो मैदानात तिरळा डोळा मिटून एकाच डोळ्याने खेळे. अभ्यासात तो मागे नव्हता. शहरातील नामवंत ग्रामर स्कूलमध्ये त्यास प्रवेश मिळत होता. परंतु त्या शाळेत फुटबॉलऐवजी रग्बी खेळत असल्याने त्याने तो नाकारला आणि तो पॉविस येथील शाळेत गेला.

इंग्लंडमधील हडर्झफील्ड टाउन या क्लबचा व्यवस्थापक अँडी बीटी हा मूळचा स्कॉटिश. होतकरू मुले हेरण्याचे त्याचे काम ॲबर्डीनकडे त्याचा भाऊ आर्ची करी. आर्चीच्या शिफारशीवरून १९५५ च्या वसंत ऋतूत पंधरा वर्षांचा लॉ हडर्झफील्डला पोहोचला. काटकुळा, अशक्त आणि चश्मा लावलेला हा मुलगा पाहून व्यवस्थापकास आपल्या भावाच्या निवडीचे नवल वाटले; मात्र मैदानातील त्याची चपळाई पाहून त्यास ठेवून घेण्यात आले. हडर्झफील्ड येथे असतानाच त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया होऊन तिरळेपणा गेला. दोन्ही डोळे उघडे ठेवून सरळ समोर पाहता येऊ लागल्याने त्याच्या ठायी एकाएकी आत्मविश्वास आला, असे त्याने पुढे नमूद केले आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये बिल शँक्ली हा क्लबचा व्यवस्थापक झाला. आयरशरच्या खाणीत काम केलेल्या या कडव्या स्कॉटिश गृहस्थाने लॉला मांस आणि दूध असा पौष्टिक आहार देऊन त्याची प्रकृती सुधारली आणि नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबर १९५६ रोजी, नॉट्स काउंटीविरुद्ध त्यास प्रथमच खेळविले. तेव्हा तो १६ वर्षांचा होता. व्यावसायिक करार करण्याचे किमान वयही त्याने अद्याप गाठले नव्हते.

मँचेस्टर युनायटेडचा व्यवस्थापक मॅट बझ्बी हाही लॅनार्कशरमधील खाणकामगाराचा मुलगा. त्याने या मुलासाठी १०,००० पौंड देऊ केले होते. हडर्झफील्डने ते नाकारले. १९५८ मध्ये बझ्बीकडे काही काळ स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाची धुरा आली, तेव्हा त्याने अठरा वर्षांच्या लॉला निवडले. १८ ऑक्टोबर १९५८ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध स्कॉटलंडने ३–० असा विजय मिळविला आणि त्यात एक गोल लॉच्या नावावर लागला. वेल्सच्या खेळाडूने दूर मारू पाहिलेला चेंडू लॉच्या अंगावर आदळून जाळ्यात गेला होता. राष्ट्रीय संघाकडून केलेल्या ३० गोलांतील हा पहिला गोल इतका अनाहूत असावा, हे गमतीचेच.

शँक्ली डिसेंबर १९५९ मध्ये लिव्हरपूलला गेला. लॉला सोबत नेण्याची त्याची इच्छा होती; पण तेवढे पैसे त्या क्लबकडे नव्हते. मार्च १९६० मध्ये मँचेस्टर सिटीने लॉसाठी ५५,००० पौंड मोजले. ब्रिटनमधील क्लबांच्या आपसातील व्यवहाराचा हा त्या वेळचा विक्रम होता. त्या पैशांतून हडर्झफील्डने आपल्या लीड्स रोड मैदानावर रात्रीच्या सामन्यांसाठी प्रखर झोताचे दिवे उभारले आणि गावकरी त्यांना ‘डेनिस लॉचे दिवे’ म्हणू लागले. खेळाडूस मात्र सिटीकडेही जास्तीत जास्त वीस पौंडांचेच वेतन मिळणार होते.

सिटीच्या संघात तो वर्षभरच राहिला. या काळातील एक सामना त्याच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. २८ जानेवारी १९६१ रोजी एफ. ए. चषकाच्या चौथ्या फेरीत सिटीचा संघ लूटन येथे खेळत होता. पावसाने मैदान चिखलमय झाले होते. प्रारंभी दोन गोलांनी मागे पडलेल्या सिटीकडून एकट्या लॉने ओळीने सहा गोल केले. सिटी ६–२ असे आघाडीवर असताना, सुमारे वीस मिनिटांचा खेळ बाकी राहिला असता, मैदान खेळण्यायोग्य नसल्याचे ठरवून पंचाने सामना थांबविला. नियमानुसार तो रद्द झाला. काही दिवसांनी तो पुन्हा खेळविला गेला, तेव्हा लूटन ३–१ असे जिंकले. सिटीचा एकमेव गोल पुन्हा लॉचाच होता. अशा रीतीने एका फेरीत सात गोल करूनही त्याचा संघ स्पर्धेतून बाद झाला आणि त्यांपैकी सहा गोल कोणत्याही नोंदीत आले नाहीत. एफ. ए. चषक स्पर्धेत त्याच्या नावावर ४१ गोल आहेत. इअन रश याने १९९६ मध्ये हा आकडा ओलांडला आणि तो ४४ वर थांबला. लूटनच्या चिखलात गेलेले सहा गोल धरले असते, तर हा विक्रम लॉकडेच राहिला असता.

त्याच जानेवारीत खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यामुळे कमाल वेतनाचा नियम रद्द करण्यात आला. संघटनेचे नेतृत्व जिमी हिल या खेळाडूकडे होते. नियम गेला, तरी सर्वच क्लबांचे हात लगेच सैल झाले नाहीत आणि राखून ठेवण्याचा हक्क तसाच होता. इटलीतील धनाढ्य क्लब मात्र ब्रिटिश खेळाडूंना मोठी रक्कम देण्यास तयार होते. १९६१ च्या उन्हाळ्यात तूरिन येथील तोरीनो क्लबने लॉसाठी १,१०,००० पौंड दिले. ब्रिटिश खेळाडूसाठी एक लाखाहून अधिक पौंड मोजले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. या क्लबचा संपूर्ण संघ १९४९ मध्ये सुपेर्गा टेकडीवरील विमान अपघातात मृत्युमुखी पडला होता. पुढे लॉ ज्या मँचेस्टर युनायटेडकडे गेला, त्या संघाचे आठ खेळाडू १९५८ मध्ये म्यूनिक येथील विमान अपघातात दगावले होते. दोन्ही ठिकाणी लॉचे येणे हा उद्ध्वस्त झालेला संघ पुन्हा उभारण्याच्या प्रयत्नाचा भाग होता.

इटलीत त्याने २७ साखळी सामन्यांत १० गोल केले. बचावास सर्वस्व मानणाऱ्या तेथील पद्धतीत ही कामगिरी चांगलीच म्हटली पाहिजे. तथापि तो तेथे रमला नाही. प्रत्येक आघाडीच्या खेळाडूमागे सावलीसारखा एक रक्षक लावलेला असे आणि सामन्याआधी अनेक दिवस संघास शिबिरात कोंडून ठेवण्याची तेथे रीत होती. फेब्रुवारी १९६२ मध्ये त्याचा सहकारी जो बेकर हा मोटार चालवीत असता गाडीस भीषण अपघात झाला. बेकर मरता मरता वाचला. लॉला किरकोळ दुखापती झाल्या. त्यानंतर लॉने क्लब सोडण्याची इच्छा दर्शविली. त्याच्या संमतीवाचूनच त्यास यूव्हेंतूस या त्याच शहरातील प्रतिस्पर्धी क्लबास विकण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा तो सरळ ॲबर्डीनला निघून आला. अखेर जुलै १९६२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने १,१५,००० पौंड भरून त्यास सोडवून आणले. हा पुन्हा नवा विक्रम ठरला. जवळजवळ चार वर्षांपूर्वी ज्याला बझ्बीने राष्ट्रीय संघात पहिली संधी दिली होती, तो आता त्याच्या हाताखाली आला.

युनायटेडमधील त्याची अकरा वर्षे हा त्याच्या कारकीर्दीचा गाभा होय. १८ ऑगस्ट १९६२ रोजी वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात सातव्या मिनिटाला त्याने गोल केला. त्या मोसमात संघ साखळी स्पर्धेत तळाशी रेंगाळत राहिला आणि खालच्या श्रेणीत जाण्यापासून थोडक्यात बचावला. परंतु २५ मे १९६३ रोजी वेम्बली येथे लेस्टर सिटीचा ३–१ असा पराभव करून त्याने एफ. ए. चषक जिंकला. पहिला गोल लॉचा होता. पॅट क्रेरंडकडून आलेला चेंडू घेऊन, अंगाला झोला देत, त्याने तो गोलरक्षकाच्या आवाक्याबाहेर मारला. म्यूनिकनंतर युनायटेडला मिळालेला हा पहिला मोठा चषक. पुढील १९६३–६४ च्या मोसमात त्याने सर्व स्पर्धांत मिळून ४६ गोल केले. क्लबच्या इतिहासातील हा एका मोसमातील उच्चांक होय. २३ ऑक्टोबर १९६३ रोजी इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या शताब्दीनिमित्त इंग्लंडविरुद्ध उर्वरित जगाचा संघ वेम्बलीवर खेळला. दी स्तेफानो, पुश्काश, यूसेबियो आणि याशिन यांच्या त्या संघात लॉचा समावेश होता आणि २–१ असा सामना हरलेल्या संघाचा एकमेव गोल त्याने केला.

लॉच्या खेळाचे वर्णन करताना समकालीनांनी विजेची उपमा वारंवार वापरली आहे. त्याची उंची १७५ सेंमी.च्या आसपास, अंगकाठी सडपातळ, केस सोनेरी. एवढ्याशा देहाने तो आपल्याहून हातभर उंच बचावपटूंच्या वर उडी घेई आणि क्षणभर हवेत थांबल्यासारखा भासे. डोक्याने चेंडू मारण्यात त्याच्या तोडीचा खेळाडू त्या काळी ब्रिटनमध्ये क्वचितच होता. गोलाकडे पाठ असताना अंग हवेत आडवे करून डोक्यावरून उलट लाथ मारण्याचा त्याचा फटका प्रेक्षकांना विशेष प्रिय होता. परंतु त्याचे खरे सामर्थ्य याहून साध्या गोष्टीत होते. गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटण्यापूर्वीच तो निसटेल हे ताडून लॉ तेथे हजर असे. त्याचे कितीतरी गोल चार-पाच मीटरांवरून केलेले आहेत आणि ते दिसायला सामान्य आहेत. अशा गोलांस दैव म्हणण्याची प्रेक्षकांची रीत असते. पण तेच दैव दहा वर्षे एकाच माणसास अनुकूल राहावे, हे संभवत नाही. गोल झाल्यावर बाहीचे टोक मुठीत धरून एक हात उंच उभारणारी त्याची मूर्ती ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या स्ट्रेटफर्ड एंड या बाजूच्या प्रेक्षकांच्या मनात कायमची ठसली. ते त्यास ‘राजा’ म्हणत.

त्याच्या स्वभावाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. बचावपटूंच्या लाथा तो मुकाट्याने सहन करीत नसे. उलट फेड तो तिथल्या तिथे करी. परिणामी त्यास अनेकदा मैदानाबाहेर काढण्यात आले आणि एकेका प्रकरणी चार-चार आठवड्यांचे निलंबन भोगावे लागले. ४६ गोलांच्या त्या विक्रमी मोसमातही त्याचे काही सामने असेच हुकले होते.

१९६४ चा बॅलन दॉर त्यास मिळाला. त्याच संघातील बॉबी चार्ल्टन आणि जॉर्ज बेस्ट यांना तो अनुक्रमे १९६६ आणि १९६८ मध्ये मिळाला. एक इंग्लिश, एक स्कॉटिश आणि एक उत्तर आयरिश अशा या त्रयीने युनायटेडला १९६४–६५ आणि १९६६–६७ या मोसमांत साखळी विजेतेपद मिळवून दिले. १९६४–६५ चे विजेतेपद केवळ गोल-सरासरीच्या आधारे लीड्स युनायटेडवर मात करून मिळाले होते; त्या मोसमात लॉने साखळीत २८ गोल केले.

दरम्यान खेळाडूंच्या हक्कांचा प्रश्न न्यायालयात गेला होता. न्यूकॅसलचा खेळाडू जॉर्ज ईस्टम याच्या दाव्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी १९६३ मध्ये, खेळाडू राखून ठेवण्याची पद्धत हा व्यवसाय-स्वातंत्र्यावरील अन्याय्य निर्बंध आहे, असा निर्णय दिला. कायद्याने दार किलकिले झाले. क्लबमधील वहिवाट मात्र एकदम बदलली नाही. १९६६ मध्ये लॉने नव्या करारात वेतनवाढ मागितली आणि ती न मिळाल्यास क्लब सोडण्याचा इशारा दिला. तो तेव्हा यूरोपातील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक होता. बझ्बीने त्याचे नाव तत्काळ विक्रीच्या यादीत टाकले आणि लॉला जाहीर माफी मागावी लागली. मागितलेल्या वाढीपैकी काही भाग बझ्बीने आपणास गुपचूप दिला, असे लॉने बऱ्याच वर्षांनी सांगितले. इतर खेळाडूंनी धडा घ्यावा म्हणून माफी उघड आणि वाढ गुप्त, असा हा मामला होता. बझ्बीविषयी लॉने पुढेही आदरच व्यक्त केला. तथापि या प्रसंगात त्या आदराच्या मर्यादाही दिसतात.

राष्ट्रीय संघाकडून खेळणे ही लॉच्या दृष्टीने निराळीच गोष्ट होती. गडद निळा सदरा घालताना त्याचा आवेश क्लबच्या सामन्यांहून अधिक असे. १९६२ मध्ये उत्तर आयर्लंडविरुद्ध आणि १९६३ मध्ये नॉर्वेविरुद्ध त्याने प्रत्येकी चार गोल केले. १५ एप्रिल १९६१ रोजी वेम्बलीवर इंग्लंडने स्कॉटलंडचा ९–३ असा धुव्वा उडविला, तेव्हा तो पराभूत संघात होता. १९६१ मध्येच ब्रुसेल्स येथील निर्णायक सामना चेकोस्लोव्हाकियाने जिंकल्याने स्कॉटलंडला जागतिक स्पर्धेस मुकावे लागले. १९६६ च्या स्पर्धेसाठीही संघ पात्र ठरला नाही. ती स्पर्धा इंग्लंडमध्ये झाली आणि यजमानांनीच जिंकली. अंतिम सामना चालू असता लॉ मुद्दाम गोल्फ खेळण्यास गेला होता, हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगे. १५ एप्रिल १९६७ रोजी, म्हणजे त्या मानहानीस बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, स्कॉटलंडने वेम्बलीवर जगज्जेत्या इंग्लंडला ३–२ असे हरविले. सलग १९ सामने अपराजित राहिलेल्या इंग्लंडचा जगज्जेतेपदानंतरचा हा पहिला पराभव होता. पहिला गोल लॉने केला. जिम बॅक्स्टरने त्या दिवशी चेंडू पायावर उडवीत इंग्लिश खेळाडूंची जी थट्टा चालविली, ती स्कॉटलंडमध्ये आजही कौतुकाने सांगतात. लॉचे मत मात्र निराळे होते. थट्टेऐवजी आणखी गोल करून १९६१ चे पुरते उट्टे काढावयास हवे होते, असे त्यास वाटे.

ऑक्टोबर १९६५ मध्ये पोलंडविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा दुखावला होता आणि ते दुखणे पुढे बळावत गेले. २९ मे १९६८ रोजी युनायटेडने बेनफिकाला हरवून यूरोपीय चषक जिंकला, त्या वेळी गुडघ्यावरील शस्त्रक्रियेमुळे लॉ मँचेस्टरच्या रुग्णालयात होता आणि आपल्या संघाचा सर्वांत मोठा विजय त्याने दूरचित्रवाणीवर पाहिला. पुढील मोसमात या स्पर्धेत त्याने नऊ गोल केले. परंतु उपांत्य फेरीत मिलानने युनायटेडला रोखले. ओल्ड ट्रॅफर्डवरील परतीच्या सामन्यात लॉने ढकललेला चेंडू रेषेपलीकडे गेल्याचा युनायटेडचा दावा पंचाने मान्य केला नाही. १९७० मध्ये क्लबने त्यास ६०,००० पौंडांस विक्रीस काढले. कोणीही गिऱ्हाईक पुढे आले नाही. तो राहिला, धडपडत खेळला आणि अधूनमधून गोल करीत राहिला. युनायटेडकडून ४०४ सामन्यांत त्याने २३७ गोल केले. क्लबच्या इतिहासात त्याहून अधिक गोल वेन रूनी आणि बॉबी चार्ल्टन या दोघांचेच आहेत आणि त्या दोघांचेही सामने लॉहून पुष्कळ जास्त आहेत.

टॉमी डॉकर्टी हा स्कॉटलंडच्या संघाचा व्यवस्थापक असताना त्यानेच १९७२ मध्ये लॉला तीन वर्षांच्या खंडानंतर राष्ट्रीय संघात परत घेतले होते. तोच पुढे युनायटेडचा व्यवस्थापक झाला आणि त्यानेच १९७३ च्या उन्हाळ्यात लॉला क्लबमधून विनामूल्य मुक्त केले. ही बातमी लॉने ॲबर्डीनला असताना दूरचित्रवाणीवर ऐकली. लक्षावधी पौंडांच्या व्यवहारात ज्याला विचारले जात नव्हते, त्यास शून्य पौंडांच्या व्यवहारातही विचारले गेले नाही. मुले मँचेस्टरच्या शाळांत होती आणि शहर सोडण्याची कुटुंबाची इच्छा नव्हती. म्हणून मँचेस्टर सिटीचे बोलावणे येताच त्याने ते स्वीकारले.

त्यानंतरच्या एका फटक्यासाठी तो अनेकांना आठवतो. २७ एप्रिल १९७४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड आणि सिटी यांची गाठ पडली. युनायटेड पहिल्या श्रेणीतून घसरण्याच्या बेतात होते. सामना गोलशून्य चालला होता. नऊ-एक मिनिटे उरली असता फ्रान्सिस लीने दिलेला चेंडू गोलासमोर पाठ करून उभ्या असलेल्या लॉच्या पायाशी आला आणि त्याने तो सवयीने टाचेने मागे ढकलला. चेंडू ॲलेक्स स्टेप्नीला चकवून जाळ्यात गेला. आयुष्यभर ज्या गोलानंतर त्याचा हात आपोआप वर जाई, तो हात या वेळी खालीच राहिला. सहकारी पाठ थोपटीत असता तो मान खाली घालून चालत राहिला आणि लगेच त्यास बदलून बाहेर घेण्यात आले. प्रेक्षक मैदानात घुसले. बझ्बीने ध्वनिक्षेपकावरून केलेल्या आवाहनाचाही उपयोग झाला नाही आणि पंचाने सामना संपण्यापूर्वीच थांबविला. येथे लूटनची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेरा वर्षांपूर्वी थांबविलेल्या सामन्यातील सहा गोल रद्द झाले होते. या वेळी मात्र साखळी संघटनेने निकाल कायम ठेवला आणि लॉचा गोल मोजला गेला.

लॉच्या गोलाने युनायटेडला खालच्या श्रेणीत ढकलले, हा समज सार्वत्रिक असला, तरी तो खरा नाही. युनायटेडचे तेव्हा ३२ गुण होते आणि दोन सामने उरले होते. विजयास दोन गुण मिळत; म्हणजे दोन्ही सामने जिंकूनही ३६ गुणच झाले असते. त्याच दिवशी बर्मिंगहॅम सिटीने नॉरिचवर विजय मिळवून ३७ गुण गाठले. त्या मोसमापासून तीन संघ खाली जाऊ लागले होते आणि ३६ गुण मिळविणारे साउदॅम्प्टनही खाली गेले. असे असले, तरी या हिशेबाने लॉचे समाधान झाले नाही. तो गोल आपण करावयास नको होता, असेच तो अखेरपर्यंत सांगत राहिला. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याने आपले काम केले होते. इंग्लिश साखळीतील त्याचा हा २१७ वा आणि शेवटचा गोल होय. त्यानंतर साखळी सामन्यात त्याने चेंडूस पाय लावला नाही.

त्याच वर्षी स्कॉटलंड सोळा वर्षांनी जागतिक स्पर्धेत पोहोचले. १४ जून १९७४ रोजी डॉर्टमुंड येथे झाईरविरुद्ध झालेला सामना लॉ खेळला. स्कॉटलंडने तो २–० असा जिंकला; लॉला गोल करता आला नाही. जागतिक स्पर्धेतील त्याचा हा एकमेव आणि राष्ट्रीय संघाकडूनचा शेवटचा सामना होता. ब्राझील आणि यूगोस्लाव्हिया यांच्याशी बरोबरी करूनही, एकही सामना न हरता, केवळ गोलांच्या फरकाने स्कॉटलंड स्पर्धेबाहेर गेले. ऑगस्ट १९७४ मध्ये लॉने निवृत्ती जाहीर केली. राष्ट्रीय संघाकडून ३० गोलांचा त्याचा विक्रम केनी डॅल्ग्लिशने १९८४ मध्ये गाठला. मात्र तो एकूण १०२ सामने खेळला.

निवृत्तीनंतर आकाशवाणी व दूरचित्रवाणीवर समालोचक म्हणून तो लोकप्रिय झाला. यूरोपीय फुटबॉल संघटनेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्कॉटिश संघटनेने २००३ मध्ये त्याची गेल्या पन्नास वर्षांतील आपला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली. २००८ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डसमोर बेस्ट आणि चार्ल्टन यांच्यासह त्याचा पुतळा उभारण्यात आला. २०१६ मध्ये त्यास सी. बी. ई. हा किताब आणि २०१७ मध्ये ॲबर्डीनचे मानद नागरिकत्व मिळाले. गरीब वस्त्यांतील मुलांसाठी खेळाची सोय करण्याचे काम त्याच्या नावाची संस्था त्या शहरात करते. आपल्या आठवणी त्याने पुस्तकरूपाने मांडल्या असून त्यांपैकी द किंग (२००३) हे पुस्तक विशेष प्रसिद्ध आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये लॉला स्मृतिभ्रंशाचा विकार जडल्याचे त्याच्या कुटुंबाने जाहीर केले. हा विकार त्याच्या पिढीतील अनेक खेळाडूंना झाल्याचे आढळले आहे. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंत मेंदूच्या ऱ्हासजन्य विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतर लोकांच्या सुमारे साडेतीन पट असल्याचे दिसून आले. डोक्याने चेंडू मारण्याशी त्याचा संबंध असावा, असे अनेक तज्ज्ञ मानतात. लॉच्या बाबतीत तसे निश्चित म्हणण्यास आधार नाही. आजार जाहीर झाल्यावरही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲबर्डीनच्या मध्यवस्तीत उभारलेल्या आपल्या पुतळ्याच्या अनावरणास तो उपस्थित राहिला. वयाच्या ८४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची अंत्ययात्रा ओल्ड ट्रॅफर्डवरून नेण्यात आली.